काळ्या ठिपक्याचे साहेब

समोर टेबल असो, खिडकीची चौकट असो की कुणाच्या घरातला फ्रीज, साहेब त्यावरून उजव्या हाताचं बोट फिरवत. मग ते काळं बोट डोळ्यांसमोर धरून, जसं काही नाडी पाहिली, अशा आवाजात सांगत, "धूळ आहे, धूळ. दुसरं काई नाई."

आणि ते बोट जवळच्या पडद्याला पुसत. स्वतःच्या रुमालाला कधीच नाही.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. निदान चंद्रपुरात राहत असाल तर नक्की पाहिला असेल. आपल्याकडे सकाळी गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन खाली येतं आणि तरी शेजारचा एक तरी शहाणा म्हणतो, उन्हाळा आहे, धूळ उडते. त्या शहाण्याला पगार नसतो. आमच्या साहेबांना तेच म्हणण्याचा पगार होता.

मी वरोऱ्याची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून चंद्रपुरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा साहेब हवा विभागाचे प्रमुख होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. डब्याच्या पिशवीत ते रोज दुसरा पांढरा शर्ट आणत. दुपारी जेवण झालं की बाथरूममध्ये जाऊन बदलत, कारण तोवर पहिल्याची कॉलर काळी पडलेली असे. आमच्या प्रयोगशाळेत हवेच्या प्रदूषणाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे साहेबांची कॉलर, आणि तो पुरावा दर दुपारी पिशवीत घडी घालून नाहीसा केला जाई.

माझ्या ताब्यात एक यंत्र होतं. त्यात कापडासारख्या फिल्टरच्या पट्टीचं एक रीळ असतं. यंत्र नळीने बाहेरची हवा ओढतं आणि ती पट्टीच्या एका जागेतून जाऊ देतं. हवेतली काजळी तिथे अडकते, एक गोल ठिपका तयार होतो. आधी राखाडी, मग काळा. वरून त्या ठिपक्यावर वेगवेगळ्या रंगांचा उजेड सोडतात आणि खाली किती पोचला ते मोजतात. साधी धूळ उजेड बहुतेक इकडेतिकडे उधळून देते. काजळी तो गिळते. जितका उजेड गिळला, तितकी काजळी. आणि कोणत्या रंगाचा उजेड जास्त गिळला, यावरून धूर लाकडाचा की डिझेल-कोळशाचा, याचाही अंदाज येतो. धूळ आणि काजळी वेगळी आहे हे सांगणारी ती एकच वस्तू आमच्या इमारतीत होती.

साहेब तिला 'टेपरेकॉर्डर' म्हणत.

"ओ वरोरावाली, तुमचा टेपरेकॉर्डर आज कोणतं गाणं म्हणून राह्यला?" असं दारातून विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. तीन वर्षांत त्यांनी एकदाही आकडा विचारला नाही. मी सुरुवातीला उत्साहाने सांगायला जाई. ते हात वर करत. "लिहून ठेवा. बोलू नका. बोलल्यानं वाढते."

मी त्यांना अडाणी समजत होते. अडाणी, आळशी आणि वरच्यांच्या पायाशी लोळणारे. त्यातला फक्त पहिला शब्द चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

रेल्वेच्या एका कोळसा साइडिंगला, म्हणजे ट्रकमधला कोळसा मालगाडीत भरतात त्या फाट्याला, लागून एक वस्ती आहे. तिथल्या बायकांचा पापडांचा गट होता. गटाची प्रमुख हसीनाबी. साठीच्या आसपासची, ठेंगणी, नवरा पूर्वी ट्रंका दुरुस्त करायचा. उडदाचे पापड तिच्यासारखे पातळ कुणी लाटत नसे. साइडिंग वाढलं, ट्रक वाढले, कोळशाचे ढीग आतल्या आत धुमसू लागले आणि हसीनाबीच्या गच्चीवरचे पापड काळ्या ठिपक्यांचे होऊ लागले. नागपूरच्या दुकानदारांनी माल घेणं बंद केलं. गटातल्या दोघींना दम्याचा त्रास सुरू झाला होता, पण सरकारकडे केलेल्या तक्रार अर्जात त्यांनी ते खाली लिहिलं, पापड वर लिहिले. दम्याकडे कुणी पाहणार नाही, पापडाकडे पाहतील, असं हसीनाबीला वाटलं होतं.

मोजणीचं काम आमच्याकडे आलं. साहेब स्वतः जागा पाहायला आले, हेच नवल. वस्तीत फिरले. हसीनाबीच्या गच्चीवर गेले, कठड्यावरून बोट फिरवलं, धूळ म्हणाले, वाळत घातलेल्या चादरीला बोट पुसलं. हसीनाबीने ती चादर तिथल्या तिथे काढून बादलीत टाकली. साहेबांना अपमान कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो पचवला. अपमान पचवण्याची त्यांची ताकद मोठी होती.

मग त्यांनी यंत्राची जागा ठरवली. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, वारा जिकडून येतो त्या बाजूला, कडुनिंबाच्या रांगेमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. ट्रक सकाळी आणि संध्याकाळी येत. यंत्र दुपारी चालवायचं.

"सर, इथं काजळी कशी येईल? वारा उलटा आहे," मी म्हटलं.

"येईल तं येईल. नाई आली तं तिची मर्जी."

मी महिनाभर त्या कडुनिंबामागे बसून फिकट ठिपके गोळा केले. शेवटच्या दोन दिवसांत मात्र राहवलं नाही. साहेब गडचिरोलीला गेले होते. मी यंत्र उचललं आणि हसीनाबीच्या गच्चीवर नेलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवलं. ठिपके डांबरासारखे काळेकुट्ट. पट्टी भराभर पुढे सरकत होती, कारण ठिपक्यातून उजेडच खाली पोचत नव्हता. हसीनाबी माझ्याजवळ बसून ते पाहत होती.

"पोरी, हे आमच्या पोटात बी असंच बसते का?"

"पोटात नाही, छातीत," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि मला पापड भाजून दिला. ठिपके नसलेला शोधून.

साहेब परतल्यावर मी त्यांच्यापुढे ती पट्टी ठेवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग घडी घालून माझ्या हातात परत दिली. "हे खाजगी आहे. फाइलीत खाजगी लागत नाई."

अहवालात कडुनिंबामागचा महिना गेला. खाली ऑपरेटर म्हणून माझी सही आहे. साहेबांची लाज वाटते असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. ही सही सांगायला मला जास्त वेळ लागला.

सुनावणी झाली. लांब टेबल, पलीकडे अधिकारी, अलीकडे साहेब आणि मी, बाजूला खुर्च्यांवर हसीनाबी आणि चार बायका. साहेबांनी अहवाल वाचला. उन्हाळ्याची नैसर्गिक धूळ, मर्यादेत. हसीनाबी उठली, स्टीलचा डबा उघडला आणि एक पापड टेबलावर ठेवला. पांढऱ्या पापडावर काळे ठिपके.

साहेबांनी त्यावरून बोट फिरवलं. सवयच ती. "धूळ आहे, बाई."

"साहेब, धूळ फुकली तं उडते," हसीनाबी म्हणाली. "तुमी फुकून दाखवा."

अधिकाऱ्याने वर पाहिलं. आणि साहेबांनी, त्या पन्नाशी उलटलेल्या, इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने, खरंच पापडावर फुंकर मारली. काही उडालं नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग अंगठ्याने पुसायला गेले, तर ठिपका पसरून पापडावर काळा ओघळ उमटला. मागे कुणीतरी हसलं. मीही आतून हसले. इतका हास्यास्पद माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात हसीनाबी माझ्याकडे वळली.

"पोरी, तू दोन दिवस आमच्या गच्चीवर होती ना? मशीन घेऊन? तू सांग ना ह्यायले."

मी फाइलीकडे पाहिलं. फाइलीच्या नाडीची गाठ सैल झाली होती, ती बांधायला घेतली. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि अर्ज निकाली काढला.

बाहेर पडताना हसीनाबी साहेबांना काही बोलली नाही. माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "पापड खाल्ला होता तू आमचा." आणि जिना उतरली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कामासाठी आम्हाला जंगलातल्या स्वच्छ हवेचा नमुना हवा होता. शहराच्या हवेची तुलना करायला. साहेब म्हणाले, आलापल्लीला जाऊ, माझी जागा आहे तिथी. जीपने निघालो. गोंडपिपरी गेलं, आष्टीला वैनगंगा ओलांडली. पुढे सागवान सुरू झाला तशी साहेबांनी काच खाली केली आणि श्वास घेतला. मोठा, छाती भरून. चंद्रपुरात मी त्यांना असा श्वास घेताना कधी पाहिलं नव्हतं. मला रागच आला.

त्यांची जागा म्हणजे घर होतं. कौलारू, लहान, चारी बाजूंनी पडवी. पडवीत त्यांची बायको बसली होती. बारीक, खांदे वर ओढलेले, जणू प्रत्येक श्वास वरून ओढून घ्यावा लागतो. शेजारी दम्याचा पंप. मी तीन वर्षं या माणसाबरोबर काम केलं होतं आणि ते विधुर आहेत असं समजत होते.

साहेबांनी दारात बूट काढले, हातपाय धुतले, ओला टॉवेल पिळून तिच्या मानेवर ठेवला. "जेवली का?" त्यांनी विचारलं. तो आवाज मला ओळखता आला नाही.

"मी मूल गावची," काकू मला सांगत होत्या. "चंद्रपूरची गरमी मले सोसत नाई म्हणून ह्यांनी इथी आणून ठेवलं. कित्येक वर्सं झाली. हे शनवारी येते, सोमवारी जाते." बोलताना त्या धापा टाकत, पण हसत होत्या.

मी अंगणात यंत्र लावलं. दुपारपर्यंत पट्टीवर ठिपका आहे की नाही हेच दिसेना, इतकी हवा निर्मळ. मग कुंपणापलीकडून धुराचा वास आला. मोहफुलांचे शेवटचे दिवस होते. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला कुणीतरी पेटवला होता. निळसर धूर जमिनीसरशी अंगणात सरकला. काकूंना खोकला सुरू झाला.

साहेब अनवाणी धावले. कुंपणाच्या काट्यांत पांढरा शर्ट फाटला, त्याची शुद्ध नव्हती. हिरवी फांदी तोडून ते त्या आगीला झोडपत सुटले. टोपली घेऊन एक म्हातारी गोंड बाई उभी होती, ती नुसती पाहत राहिली.

"धूर काऊन करता? दिसत नाई का, घरात बिमार बाई आहे!" साहेब ओरडले.

म्हातारीने टोपली कमरेवर घेतली. "तुमच्या चंद्रपुरात येवढ्या मोठ्या चुली पेटून राह्यल्या म्हंते. त्या इझवल्या का, साहेब? मंग माह्या पाल्याले मारत बसा."

फांदी साहेबांच्या हातातच राहिली. म्हातारी दुसऱ्या झाडाकडे निघून गेली. कुणी असं बोलावं म्हणून मी तीन वर्षं वाट पाहिली होती. सुख झालं, खोटं कशाला सांगू.

साहेब अंगणात आले. आत काकू पंप ओढत होत्या, तो आवाज ऐकू येत होता. ते यंत्राजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "किती दाखवून राह्यलं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा. मी आकडा सांगितला.

"जांभळ्यात जास्त आहे का लालात?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. लाकडाचा, पाल्याचा धूर जांभळा उजेड जास्त गिळतो. डिझेल आणि कोळशाची काजळी लालसुद्धा सोडत नाही. हे ज्याला माहीत असतं तोच असा प्रश्न विचारतो.

"जांभळ्यात," मी म्हटलं.

"मंग पाल्याचाच आहे. घंटाभरात उतरते," ते स्वतःशीच म्हणाले.

"सर, तुम्हाला हे यंत्र समजतं."

"तुमच्याआधी मीच चालवत होतो ते."

"सगळं समजत होतं तुम्हाला. पापडाचंही."

"समजलं म्हणूनच तं इथी घर बांधलं."

"आणि हसीनाबीनं कुठी बांधाचं?" रागाच्या भरात मी त्यांच्याच बोलीत आले होते.

ते पायात रुतलेला काटा काढत बसले. अडाण्याची कीव तरी करता येते. या माणसाला प्रत्येक ठिपक्याचा अर्थ माहीत होता, आणि त्याने त्या ज्ञानातून फक्त एक माणूस वाचवलं होतं, स्वतःचं. मी त्या घरात पाणीही प्यायले नाही. आज वाटतं, तोही एक दिखावाच होता. माझी सही त्याच अहवालावर होती.

परत आल्यावर मी सुनावणीच्या अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. हसीनाबीच्या गच्चीवरची पट्टी आणि आकडे जोडले. जागा चुकीची होती, वेळ चुकीची होती आणि सही माझी होती, असं तिन्ही लिहिलं. कागद घेऊन आधी हसीनाबीकडे गेले. तिने तो दुसऱ्या बाईकडून वाचून घेतला. मग मला म्हणाली, "आवाज आहे तं तुले." बस म्हटलं नाही. चहाही नाही.

पुन्हा चौकशी लागली. दुसऱ्या प्रयोगशाळेने मोजलं, आणि या वेळी गच्चीवर मोजलं. आम्हा दोघांना बोलावणं आलं. अधिकाऱ्याने माझ्यापुढे जुना अहवाल सरकवला. "ही सही तुमची ना? तेव्हा झोपला होता का?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब बोलले. "जागा मी ठरवली. टायम मी ठरवला. ह्या पोरीनं तेव्हाच सांगतलं होतं, वारा उलटा आहे म्हणून. मी आयकलं नाई. जे लिहाचं ते माह्या नावानं लिहा."

अधिकाऱ्याने विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कोणी सांगतलं नाई. सांगा लागत नाई," साहेब म्हणाले. "आपल्यालेच समजते, काय पाह्यजे ते."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात खरं वाक्य. त्यासाठी त्यांना मोठं म्हणणार नाही. वर्षानुवर्षं खोटं बोललेल्या माणसाने एका दुपारी खरं बोलावं, यात मोठेपणा कसला? पण मला त्यांनी झाकलं, हेही खरं आहे आणि ते मला आवडत नाही.

साहेबांची नोकरी गेली. साइडिंगवरचे ढीग झाकले गेले, रस्त्यावर पाणी मारलं जाऊ लागलं. काजळी कमी झाली, गेली नाही. हसीनाबीचा गट आता पापड घरातच पंख्याखाली वाळवतो. नागपूरचा एक दुकानदार परत आला. दम्याच्या दोघींपैकी एक मुलीकडे राहायला गेली. एवढंच झालं.

साहेब आलापल्लीला राहायला गेले आणि पुढच्या पावसाळ्यात वारले. हृदयविकार, असं ऐकलं. मी गेले नाही. हिवाळ्यात एका कामाने गडचिरोलीपर्यंत गेले होते, तिथून पाय पुढे वळले. एस.टी.ने आलापल्लीला उतरले.

काकू पडवीत होत्या. आधीपेक्षा बऱ्या दिसत होत्या. त्यांनी मला ओळखलं, बसायला चटई दिली. साहेबांविषयी काही बोलावं म्हणून मी म्हटलं, "तुमची फार काळजी घेत."

"घेत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर ठेवलं तं दूरच. मले मूल नाई झालं. म्हणून मले इथी आणून टाकलं, आसंच मी समजत होती. गरमीचं निस्तं निमित्त. आलापल्लीत काय गरमी नाई?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग लक्षात आलं की या माणसाने घरातही अहवालच दिला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. काजळी कशी असते, किती बारीक असते, छातीत कुठवर जाते. चंद्रपूरची हवा त्यांना मानवली नसती, हे साहेबांना रोजच्या रोज डोळ्यांनी दिसत होतं, तेही सांगितलं. पापडांचं सांगितलं, माझ्या सहीचं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मंग हे सोता काऊन राह्यले तिथी?"

पगारासाठी, असं उत्तर माझ्या ओठांवर होतं, आणि ते बहुधा बरोबरही होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते देता आलं नाही.

एस.टी.ची वेळ झाली. त्या फाटकापर्यंत पोचवायला आल्या. पंप सोबत घ्यायला विसरल्या होत्या, म्हणून मधेच एकदा फाटक धरून थांबल्या, दम घेतला.

"सांगाचं तं होतं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी भांडली आसती का त्यांच्यासंगं?"